कडू कवठाचे तेल आणि डॉ. भाऊ दाजी

थंडी पडू लागली, की राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत परभणीचे नाव हमखास असते. त्याच आठवड्यापासून आमच्या बाह्यरुग्ण विभागात खरखरीत त्वचेचे, भेगाळलेल्या टाचांचे, खाजेचे रुग्ण वाढू लागतात. तपासून होते न होते तोच एक प्रश्न येतो: डॉक्टर, जवस खाल्ला तर त्वचा चांगली होते म्हणतात, खरे आहे का? कोणी कारळाबद्दल विचारते, कोणी मोबाइलवर पाहिलेल्या कसल्याशा बियांबद्दल.

या गर्दीत अधूनमधून आणखी एक रुग्ण असतो. त्याला खाज नसते, आग नसते, दुखत तर काहीच नसते. दंडावर किंवा पाठीवर फिकट, किंचित तांबूस चट्टा असतो. वर्षभर त्यावर करंजाचे तेल लावलेले असते, मग निंबोळीचे, मग कोणी दिलेले बाटलीतले. आता करंगळी वाकडी होऊ लागली म्हणून तो आलेला असतो. कापसाचा बोळा चट्ट्यावरून फिरवला तर त्याला कळत नाही. हा कुष्ठरोग असतो, आणि वर्ष हातचे गेलेले असते.

बियांचे तेल आणि त्वचा यांचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. त्यात किती खरे आणि किती भाबडे, हे समजून घ्यायचे तर दीडशे वर्षांपूर्वीच्या एका मराठी डॉक्टरांचे आयुष्य वाचावे. ते डॉक्टर म्हणजे भाऊ दाजी लाड. मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेजवळ त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. नाव पुष्कळांनी ऐकलेले असते, पण ते मुळात एक डॉक्टर होते आणि कुष्ठरोगावर बियांच्या तेलाचा उपचार करत होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

मांद्र्याचा मुलगा

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२० च्या दशकातला, गोव्यातील मांद्रे गावचा. घरची गरिबी होती. कुटुंब मुंबईला आले आणि वडील मातीच्या बाहुल्या विकून संसार चालवू लागले. मुलगा बुद्धिबळात विलक्षण हुशार होता. त्याचा खेळ एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेत भरला आणि त्याने वडिलांना मुलाला इंग्रजी शिक्षण द्यायला लावले, असे त्यांच्या चरित्रात नोंदवलेले आहे. बुद्धिबळाच्या पटावरून हा मुलगा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये पोहोचला आणि पुढे तिथेच शिक्षकही झाला. त्या काळात काठेवाड आणि कच्छमधील बालिकाहत्येच्या प्रथेवर त्यांनी निबंध लिहिला आणि त्याला बक्षीस मिळाले. आजार असो वा रूढी, मुळाशी जायचे, ही सवय तेव्हापासूनची.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शेजारी जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय होते. शिक्षकाची बरी नोकरी सोडून भाऊंनी वैद्यकाचा अभ्यास धरला. शवविच्छेदनाला हात लावणे म्हणजे धर्म बुडवणे, असे मानणारा तो काळ. तरी ते शिकले आणि १८५० च्या सुमारास या कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्याच तुकडीत पदवीधर झाले. धाकटे बंधू नारायण दाजी हेही पुढे डॉक्टर झाले. दोघा भावांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. थोड्याच वर्षांत मुंबईतील नामांकित डॉक्टरांत भाऊंची गणना होऊ लागली.

पण दवाखाना हा त्यांच्या दिवसाचा एक भाग होता. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. मुंबई विद्यापीठ निघाले तेव्हा पहिल्या फेलोंमध्ये ते होते. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही खर्च केले. जुनागढचा रुद्रदामनाचा शिलालेख, अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख यांच्या वाचनावर त्यांनी शोधनिबंध लिहिले, कालिदासाच्या काळाबद्दल विद्वानांशी वाद घातला, जुनी नाणी गोळा केली. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात होता, आपल्या परभणीसारखाच. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले.

न्यायालयातील साक्ष

डॉक्टर म्हणून त्यांच्या धैर्याची कसोटी १८६२ मध्ये लागली. समाजसुधारक करसनदास मुळजी यांनी वैष्णव पंथातील एका महाराजांच्या दुराचाराबद्दल वर्तमानपत्रात लिहिले होते. महाराजांनी बदनामीचा खटला भरला. भाऊ दाजी साक्षीला उभे राहिले. या धर्मगुरूवर आपण उपदंशाचा म्हणजे गरमीचा उपचार केला आहे, असे त्यांनी न्यायालयात सांगितले. महाराजांचे भक्त म्हणजे मुंबईतले श्रीमंत व्यापारी. त्यांतले कितीतरी डॉक्टरांचे रुग्ण असणार. तरीही ते मागे हटले नाहीत. निकाल करसनदासांच्या बाजूने लागला आणि खटला देशभर गाजला.

रुग्णाचे गुपित आणि समाजाचे हित यांत कोणाची बाजू घ्यायची, हा प्रश्न प्रत्येक डॉक्टरपुढे कधी ना कधी येतो. भाऊंनी तेव्हा उघडपणाची बाजू घेतली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे याच माणसाने दुसऱ्या एका बाबतीत नेमके उलटे केले.

पश्चिम किनाऱ्यावरचे झाड

भाऊंना संस्कृत उत्तम येत होते. पाश्चात्य वैद्यक शिकल्यावर पुष्कळांनी जुने वैद्यक मोडीत काढले. काहींनी उलट जुने ते सगळे सोने मानले. भाऊंनी मधला आणि कष्टाचा मार्ग धरला. जुन्या ग्रंथांत ज्या वनस्पतींचे गुण सांगितले आहेत त्या शोधायच्या, रुग्णांवर वापरायच्या आणि काय घडते ते पाहायचे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तुवरक नावाच्या झाडाचे वर्णन आहे. ते पश्चिम समुद्राच्या काठी वाढते, पावसाळ्यात त्याची फळे गोळा करावीत, बियांचे तेल काढून कुष्ठावर वापरावे, असा त्याचा आशय. हे झाड म्हणजे सह्याद्रीच्या ओल्या जंगलात, कोकणात आणि गोव्यात आढळणारे कडू कवठ. गोव्याकडे त्याला खष्ट म्हणतात. वनस्पतिशास्त्रातले त्याचे कूळ हिड्नोकार्पस. महाशिवरात्रीला आपण खातो त्या कवठाशी नावापलीकडे याचा काही संबंध नाही. हे झाड आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या हवेत आढळत नाही. भाऊंच्या मूळ गावाकडच्या मुलखात मात्र ते होते, आणि किनाऱ्यावरचे लोक त्याचे तेल हट्टी त्वचारोगांवर पिढ्यान् पिढ्या वापरत होते.

पूर्व भारतात याच कुळातल्या दुसऱ्या झाडाचे तेल चौलमुगरा नावाने प्रसिद्ध होते. १८५४ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. फ्रेडरिक मोआट यांनी त्याचा कुष्ठरोगातील उपयोग वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि युरोपचे लक्ष तिकडे गेले. मुंबईत भाऊ दाजी कडू कवठाच्या तेलाने कुष्ठरुग्णांवर उपचार करत होते.

तेव्हाचा कुष्ठरोग म्हणजे काय, याची आज कल्पना करणे कठीण आहे. त्याला महारोग म्हणत. कारण ठाऊक नव्हते. कोणी आनुवंशिक म्हणे, कोणी पूर्वजन्मीचे पाप, कोणी मासळी खाण्याचा परिणाम. नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी या रोगाचा जंतू पाहिला तो १८७३ मध्ये. रुग्णाला घराबाहेर काढले जाई आणि तो देवळाच्या वाटेवर नाहीतर गावकुसाबाहेर उरलेले दिवस काढी. अशा काळात मुंबईतला एक नामांकित डॉक्टर महारोग्यांना तपासतो, त्यांना औषध देतो आणि काहींना गुण येतो, ही बातमीच मोठी होती. रुग्ण दूरदूरहून येऊ लागले.

गुपित

इथे भाऊंच्या आयुष्यातला सर्वांत अवघड प्रसंग येतो. आपण कोणते औषध वापरतो हे त्यांनी उघड केले नाही. त्यांच्याच व्यवसायबंधूंना हे पटले नाही. वैद्यकशास्त्रात गुप्त औषधाला जागा नाही, हा दंडक तेव्हाही होता. औषध कोणते, मात्रा किती, कोणत्या रुग्णाला दिले, किती जणांना गुण आला आणि किती जणांना आला नाही, हे सगळे इतरांपुढे मांडले तरच ते तपासता येते. टीका झाली, वाद झाले. ते औषध कडू कवठाच्या बियांचे तेल होते, अशी नोंद पुढे भारतीय औषधींच्या ग्रंथांत आली.

त्यांनी असे का केले? खात्री पटेपर्यंत थांबायचे होते, की अर्धवट माहितीवर दुसऱ्यांनी बाजार मांडू नये असे वाटत होते, की श्रेयाचा मोह होता? तर्क पुष्कळ करता येतील. पण मे १८७४ मध्ये भाऊ दाजी गेले आणि त्यांचा अनुभव शास्त्राच्या कसोटीला पूर्णपणे कधी उतरलाच नाही. न्यायालयात सत्य उघड करणाऱ्या माणसाने दवाखान्यातले सत्य झाकून ठेवले. थोर माणसांचे चरित्र वाचताना हा भाग वगळण्याची आपली रीत आहे. मला मात्र तोच सर्वांत शिकवणारा वाटतो.

कारण यातला दुसरा धोका औषध लपवण्यापेक्षा मोठा आहे. औषधाने गुण आला असे डॉक्टरला प्रामाणिकपणे वाटू शकते, आणि तरी ते चूक असू शकते. आयुर्वेदातील कुष्ठ या शब्दात त्वचेचे अनेक आजार येतात, अठरा प्रकार सांगितले आहेत. नायटा, इसब, सोरायसिससारखे आजारही त्यात आले असतील. त्यांतले काही तेलाने नरम पडतील, काही ऋतू बदलला की आपोआप. खुद्द कुष्ठरोगातही सुरुवातीचे काही चट्टे शरीराच्या प्रतिकारशक्तीने आपोआप मिटतात. जंतू तपासण्याची सोय नव्हती. तेल दिलेले आणि न दिलेले रुग्ण शेजारी ठेवून तुलना करण्याची पद्धत रुळली नव्हती. मग चट्टा गेला तो तेलाने की आपोआप, हे कसे ठरवायचे? भाऊंसारख्या बुद्धिमान माणसालाही एकट्याने ते ठरवता आले नसते. त्यासाठी नोंदी आणि इतरांची तपासणी लागते. गुपितात ती होत नाही.

तेलाचे पुढे काय झाले?

हे तेल भाऊंबरोबर संपले नाही. १९०४ च्या सुमारास लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक पॉवर यांनी त्यातली खास स्निग्धाम्ले वेगळी केली. आपल्या खाण्याच्या तेलांतील स्निग्धाम्ले म्हणजे कार्बनच्या सरळ साखळ्या. कडू कवठाच्या तेलातील साखळीच्या टोकाला पाच कार्बनांची कडी असते. तेलाचा गुण आणि उपद्रव यांचा शोध या कडीपासून सुरू झाला.

तेल पोटात घेतले की भयंकर मळमळ आणि उलट्या होत. रुग्ण रोगापेक्षा औषधाला कंटाळत. दाट तेलाचे इंजेक्शन दिले तर कातडीखाली गाठी होत. हवाई बेटांवर ॲलिस बॉल या कृष्णवर्णीय तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने १९१५-१६ मध्ये त्या स्निग्धाम्लांपासून इंजेक्शनने देता येईल असा पदार्थ तयार केला. १९१६ मध्ये अवघ्या २४ व्या वर्षी ती गेली आणि तिचे काम कॉलेजच्या प्रमुखाने स्वतःच्या नावावर छापले. तिचे श्रेय तिला मिळायला अनेक दशके लागली. गुपित ठेवल्याने शास्त्राचे नुकसान होते, आणि दुसऱ्याचे श्रेय लाटल्यानेही.

हे तेल खाण्याचे नव्हे, याचा धडा जर्मनीला १९१० च्या सुमारास मिळाला. हॅम्बुर्गजवळच्या आल्टोना भागात लोण्याऐवजी वापरायच्या मार्गारीनमध्ये याच कुळातल्या बियांची स्वस्त चरबी मिसळली गेली आणि खाणाऱ्या अनेकांना विषबाधा झाली. बी नैसर्गिक होती, तेल वनस्पतीचे होते, तरीही. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असे समजणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे.

१९४० च्या दशकात सल्फोन गटातील औषधे आली, त्यांतले डॅप्सोन आजही वापरात आहे. पाहता पाहता जगभरातून या तेलाचा उपचार मागे पडला. त्याचा थोडाफार परिणाम होत असेलही, पण खात्रीचे औषध ते कधीच नव्हते. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याचा बहुविध औषधोपचार सुचवला. रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन यांची गोळ्यांची पाकिटे आज प्राथमिक आरोग्य केंद्रातही मोफत मिळतात. रोगाच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा बारा महिने घेतली की जंतू मरतात. उपचार सुरू झाला की थोड्याच काळात रुग्णापासून संसर्गाचा धोका उरत नाही. भाऊंच्या दारात दूरदूरहून आलेल्या रुग्णांना जे मिळू शकले नाही, ते आज आपल्या गावापासून काही कोसांवर फुकट उपलब्ध आहे.

मग जवस आणि करडईचे काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. तेलाने कुष्ठरोग बरा होत नाही. पण निरोगी त्वचेला आहारातले तेल लागते का? लागते, आणि हे भाऊंच्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते.

१९२९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धपदार्थ अजिबात नसलेला आहार दिला. बाकी जीवनसत्त्वे, प्रथिने सगळे दिले. काही महिन्यांत उंदरांच्या कातडीला खवले आले, शेपट्या सोलपटल्या, वाढ खुंटली. मग लिनोलेइक आम्ल असलेल्या तेलाचे थोडे थेंब आहारात घातले आणि ते सुधारले. त्याआधी तेल-तूप म्हणजे नुसते इंधन, असे मानत. आता कळले की काही स्निग्धाम्ले शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. म्हणून त्यांना आवश्यक स्निग्धाम्ले म्हणतात. लिनोलेइक हे एक आणि अल्फा-लिनोलेनिक हे दुसरे.

त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मेलेल्या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थांचा लेप म्हणजे चुना. या लेपातील एका महत्त्वाच्या घटकात लिनोलेइक आम्ल असते. ते कमी पडले की भिंतीला फटी पडतात, आतले पाणी उडून जाते, त्वचा कोरडी आणि खवलेदार होते. कुपोषित मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर काटेरी पुरळ दिसते, हात फिरवला तर खवणीसारखे लागते. त्याला बेडकाची कातडी म्हणतात. अ जीवनसत्त्व, ब गटातील जीवनसत्त्वे आणि आवश्यक स्निग्धाम्ले यांची कमतरता त्यामागे असू शकते.

या बाबतीत परभणी जिल्हा नशीबवान आहे. रब्बीत करडई हे आपले जुने पीक. आपल्या कृषी विद्यापीठाने तिचे वाणही दिले आहेत, त्यांतल्या एकाचे नावच परभणी कुसुम. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असते. तिळाच्या तेलात ते साधारण ४० टक्के, शेंगदाणा तेलात ३० टक्क्यांच्या आसपास, खोबरेल तेलात अगदी नगण्य. जवसाची गंमत वेगळी. त्याच्या तेलात निम्मे किंवा त्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते, जे इतर तेलांत फारसे सापडत नाही. भाकरीबरोबर जवसाची, कारळाची, तिळाची चटणी खाणाऱ्या आपल्या आज्यांना ही नावे ठाऊक नव्हती, पण ताटात वस्तू होत्या.

तरीही तीन गोष्टी स्पष्ट सांगतो.

पहिली, ज्याच्या आहारात तेल पुरेसे आहे त्याने आणखी मूठभर बिया खाल्ल्याने त्वचा उजळते, सुरकुत्या जातात, याला भक्कम पुरावा नाही. कमतरता भरून निघते तेव्हा फायदा दिसतो. भांडे भरल्यावर वरून ओतलेले वाहून जाते, आणि इथे ते पोटावर साठते. प्रौढ माणसाला स्वयंपाकात रोज चार-पाच छोटे चमचे तेल पुरते.

दुसरी, जवस कुटून खावा. अख्खा दाणा बहुतेक वेळा तसाच बाहेर पडतो. रोज एक मोठा चमचा पूड पुष्कळ झाली. कुटलेला जवस लवकर खवट होतो, म्हणून चटणी थोडी थोडी करावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे.

तिसरी, आहारातल्या बदलाचा त्वचेवर परिणाम दिसायला आठवडे लागतात. आठ दिवसांत चमक देतो म्हणणाऱ्याला आधी विचारा, त्यात काय आहे? तो सांगत नसेल तर घेऊ नका. भाऊ दाजींच्या गोष्टीचे हेच सार आहे. गुप्त औषध देणारा माणूस कितीही मोठा असो, त्याचा दावा तपासता येत नाही.

चट्टा पाहिला तर

आणि सर्वांत महत्त्वाचे. अंगावरचा फिकट किंवा तांबूस चट्टा, ज्याला खाज नाही, दुखत नाही, ज्यावर घाम येत नाही, केस विरळ झाले आहेत, आणि स्पर्श कमी कळतो, तो तेल लावून पाहण्याचा चट्टा नव्हे. हातापायांना बधिरता, चप्पल पायातून निसटलेली न कळणे, चुलीवरचे भांडे उचलताना भाजलेले न कळणे, हीही लक्षणे आहेत. दुधासारखा पांढरा डाग असेल आणि स्पर्श नीट कळत असेल तर ते बहुधा कोड असते. मुलांच्या गालावरचे पुसट डाग बहुतेक निरुपद्रवी असतात. पण हा निवाडा घरी करू नका, आरोग्य केंद्रात दाखवा. तपासणीला पाच मिनिटे लागतात. कुष्ठरोगाचा जंतू औषधाने मरतो, पण मेलेली नस परत येत नाही. वाया गेलेल्या वर्षाची किंमत बोटांनी मोजावी लागते, ती अशी.

एवढे सांगून झाल्यावर तेलाच्या बाजूनेही एक शब्द बोलायला हवा. नसा बधिर झालेल्या रुग्णाच्या पायांना घाम येत नाही, कातडी कोरडी पडून चिरते, आणि चिरेतून जखमा होतात. क्लोफॅझिमिन या औषधानेही त्वचा कोरडी आणि काळसर होते, काळसरपणा पुढे हळूहळू जातो. अशा रुग्णांना आम्ही एक साधा नियम शिकवतो. रोज वीस मिनिटे पाय साध्या पाण्यात बुडवून ठेवायचे, जाड झालेली कातडी हलक्या हाताने घासायची, आणि पाय ओले असतानाच तेल लावायचे. खोबरेल असो, करडईचे असो, घरात असेल ते. ते पाणी आत धरून ठेवते. मग पायाचा तळवा रोज नजरेने तपासायचा, कारण दुखणे सांगणारी नस आता बोलत नाही.

म्हणजे दीडशे वर्षांनंतरही कुष्ठरुग्णाच्या दिनक्रमात बियांचे तेल आहेच. जंतू मारण्याचे काम त्याच्याकडून काढून घेतले, पाय राखण्याचे काम त्याला दिले. बाटलीवर नाव लिहिलेले असते, कृती कोणीही करू शकतो, आणि उपयोग झाला की नाही हे पुढच्या महिन्यात पाय पाहून कळते. महारोग्यांना दारात घेणाऱ्या भाऊ दाजींच्या हातून जे राहिले, ते एवढेच होते.